यंत्रांचा बेंदूर

कासारशेतच्या दूध संघात बेंदूर बैलांचा नसायचा, यंत्रांचा असायचा. संघ काढणाऱ्या पिढीनंच ही रीत घालून दिली होती. आषाढात गावोगावी बैलांच्या शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग लागायचा आणि त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा नेम. मग वर्षभर घटकाभरही न थांबणाऱ्या यंत्रांनी काय पाप केलं होतं? म्हणून बेंदराला मुख्य प्लांट बंद. आदल्या दिवशी बैलांसारखी त्याचीही खांदेमळणी, म्हणजे बेअरिंगना ग्रीस, पट्ट्यांची तपासणी, पाइपांची धुलाई. आणि बेंदराच्या दिवशी मागच्या शेडमधला जुना प्लांट चालायचा. तिथं उसाच्या चिपाडावर चालणारा बॉयलर, एक म्हातारं डिझेल इंजिन, मलई काढायची चार यंत्रं आणि तुपाच्या सहा भल्यामोठ्या कढया होत्या. माणसांचीही त्या दिवशी अदलाबदल व्हायची. लॅबमधली पोरगी मलईच्या यंत्रावर, कारकून बॉयलरच्या तोंडाशी, टँकरचा ड्रायव्हर कढईवर. दुपारी सगळ्यांना पुरणपोळी, आणि करपलेल्या तुपावरून ड्रायव्हरची यथेच्छ टिंगल.

या सगळ्याला 'निमिष' नावाच्या नव्या संगणकप्रणालीनं एकच शब्द दिला होता, अपव्यय.

आणि 'निमिष'चा तो अहवाल शैलजा मगदूमच्या टेबलावर आणून ठेवणारी होती तिची स्वतःची मुलगी.

शैलजा जुन्या प्लांटची प्रभारी. वय चोपन्न, आवाज बॉयलरच्या शिट्टीशी स्पर्धा करणारा. सगळा संघ तिला शैलाक्का म्हणायचा. तिच्या हाताखाली चौदा 'फिरते' होते. या लोकांना ठरलेलं काम नव्हतं. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी लग्न निघालं, की त्या जागी फिरत्यातला एक जायचा. एरवी ते जुन्या प्लांटची देखभाल करायचे आणि खरं सांगायचं तर बराच वेळ चहा पीत बसायचे.

"सही करून टाक, आई," केतकी म्हणाली. "बॉयलर मोडीत काढायला प्रभारीची सही लागते. नाहीतर फाईल माझ्याकडे अडकते."

"अडकू दे की. मला कुठं घाई हाय?"

केतकी सत्तावीस वर्षांची. पुण्याला शिकली, 'निमिष'च्या कंपनीत लागली आणि तीन जिल्ह्यांतल्या चाळीस दूध संघांची जोडणी तिच्या गटाकडे आली. कासारशेत त्यातला शेवटचा. ती लहान असताना वीज सारखी जायची, जुना प्लांट चालू ठेवावा लागायचा आणि शैलजा तिला कामावर घेऊन यायची. चिपाडाच्या गठ्ठ्यांवर दुपट्यात निजवलेली केतकी बॉयलरच्या घरघरीशिवाय डोळाच मिटत नसे. आता तीच पोर त्या बॉयलरचं मरणपत्र घेऊन आली होती, आणि शैलजाला ते जिव्हारी लागलं होतं.

'निमिष' म्हणजे काय, हे केतकीनं आईला तिसऱ्यांदा समजावून सांगितलं. प्रत्येक यंत्रावर मटाराएवढा एक संवेदक चिकटवलेला असतो. तो यंत्राची थरथर, उष्णता, विजेची ओढ मोजतो. माणसांच्या बिल्ल्यातही तसाच एक. या सगळ्या मोजमापांतून संगणकात संघाचं एक जुळं भावंड तयार होतं, आणि ते जुळं खऱ्या संघाच्या नऊ दिवस पुढं जगत असतं. कुठला पंप पुढच्या मंगळवारी बिघडणार, हे आधीच्या रविवारीच कळतं. म्हणजे जवळ सुटे भाग साठवायला नकोत, जादा माणसं नकोत.

"आणि तरीही काही अचानक बंद पडलंच, तर सामायिक राखीव आहे ना," केतकी म्हणाली. "चाळीस संघ. प्रत्येकाचा प्लांट वर्षातून एखादाच दिवस बंद पडतो, असं धर. त्यासाठी चाळीस राखीव संच कशाला? तीन पुरतात. एकाच दिवशी चौथा लागण्याची वेळ पाचशे वर्षांत एकदा येते. गणित पक्कं आहे."

शैलजानं चहाचा कप खाली ठेवला. ती डिप्लोमा झालेली होती, गणिताला घाबरणारी नव्हती.

"म्हंजे चाळीस घरांत मिळून तीन छत्र्या."

"हो, तसंच."

"माणसं आपापल्या कामानं येगयेगळ्या दिवशी भाईर पडली तर पुरतील. पर पाऊस काय घरं मोजून पडतोय व्हय गं? पडला की चाळीसांवर एकदमच पडतोय. मग त्या तीन छत्र्यांचं काय करशील?"

"पूर धरलाय त्यात," केतकी जरा चिडून म्हणाली. "मागच्या सगळ्या पुरांची आकडेवारी घातलीय."

"पूर धरलास. आन् पुरात लाइट जाती, रस्ता बंद हुतो, माणसं घरात अडकत्यात, ते समदं एकाच दिवशी हुतं, ते धरलंस?"

"ते वेगवेगळे धोके म्हणून धरलेत."

"तितंच मेख हाय बघ," शैलजा म्हणाली आणि अहवाल परत तिच्याकडं सरकवला.

न्यायानं एक सांगायला हवं. शैलजा काही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली नव्हती. दहा वर्षांपूर्वी संघात साठ माणसं नुसती पत्ते कुटत होती, तेव्हा तिनंच अध्यक्षांपुढं उभं राहून त्यांची नावं वाचली होती. त्यावरून गावात तिच्याशी कैकांनी बोलणं टाकलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की सुस्ती वेगळी आणि सवड वेगळी. पत्ते कुटणाऱ्याला दुसरं काम येत नव्हतं. तिच्या चौदांतल्या प्रत्येकाला संघातली निदान सहा कामं यायची, कारण दर बेंदराला ती त्यांना नव्या जागी उभं करून घाम काढायची. पण 'निमिष'च्या पडद्यावर दोन्हींचा रंग सारखाच लाल दिसत होता. बॉयलरवाला दस्तगीर मुल्लाणी तिथं नुसता 'वय ६१, उपयोग चार टक्के' होता.

*

अध्यक्ष आण्णासाहेब कुंभोजे मनानं वाईट नव्हते. पण बाकीचे एकोणचाळीस अध्यक्ष पडद्यावर हिरवे दिसत होते आणि ते एकटेच पिवळे, हे त्यांना सहन होत नव्हतं.

"शैला, यंदा बेंदूर नको," त्यांनी तिला बोलावून सांगितलं. "नारळ फोडू, हार घालू, फोटो काढू. पण मुख्य प्लांट बंद करायचा नाही. आणि एक तारखेला तो बॉयलर भंगारात जाईल. तुझे चौदा लोकही त्याच दिवशी मोकळे."

"आण्णा, बेंदराला बैलाचा फोटो काढून त्याला परत औताला जुपत न्हाईत."

"हे बघ, मी विनंती करतोय."

"मग मीबी विनंतीच करते. जुना प्लांट चालल्याबिगार कळत न्हाई चालतोय का ते. वरीसभर न पेटलेला बॉयलर म्हंजे नुसतं लोखंड."

आण्णासाहेबांनी हात जोडले. त्याचा अर्थ संभाषण संपलं असा होता.

बेंदराच्या दिवशी सकाळी सहाला शैलजानं मुख्य प्लांटचा खटका स्वतःच्या हातानं खाली ओढला. पडद्यावर तांबडे दिवे लागले, केतकीच्या फोनवर इशाऱ्यांची रीघ लागली. मागच्या शेडच्या धुराड्यातून पांढरा धूर वर चढला तेव्हा दस्तगीरचाचानं बॉयलरच्या दारावर हुरमुंजाची पाच बोटं उमटवली. लॅबमधली प्रणोती नेमाप्रमाणं मलईच्या यंत्रावर उभी राहिली. कामगारांपैकी कुणीही शैलजाला विचारलं नाही, की परवानगी आहे का. सगळ्यांना माहीत होतं, की नाही.

संध्याकाळी शैलजाच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं, एक तारखेपासून लागू. ते तिनं वाचलं, चार घड्या घातल्या आणि पुरणपोळीच्या डब्याखाली ठेवून दिलं.

"असं का करतेस गं?" घरी आल्यावर केतकी रडवेली झाली. "माझ्याच प्लांटवर? सगळे मला हसतात. म्हणतात, जिला आई समजावता येत नाही, ती चाळीस संघ काय समजावणार."

"हसू देत. मी तुझ्या इरुद्ध न्हाई, केतके. पर मी गप बसणार न्हाई."

त्या आठवड्यात मायलेकी एका घरात राहून एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या.

*

एक तारखेला पाच दिवस उरले असताना धरणांचे दरवाजे उघडले. तीन जिल्ह्यांतल्या पाचही नद्या एकाच दिवशी पात्राबाहेर आल्या. सकाळी आठला महामार्ग बंद, नऊला उपकेंद्रात पाणी शिरलं आणि वीज गेली. साडेनऊला संघाच्या आवारातला नवा जनरेटर खोकला आणि त्याच्या पायाशी पाणी चढलं म्हणून बंद करावा लागला. एकशेवीस कामगारांपैकी एकेचाळीसच पोचले होते. केतकी आईबरोबरच आली होती, कारण घरी बसून तिला पडदा बघवत नव्हता.

पडदा बॅटरीवर अजून जिवंत होता. त्यावर लिहिलं होतं, 'राखीव जनरेटर: तीन. उपलब्धता: ९८ टक्के.' केतकीनं मागणी टाकली. क्षणभर चक्र फिरलं.

'तुमची मागणी नोंदली आहे. रांगेतील क्रमांक: ३७.'

केतकी त्या आकड्याकडं बघतच राहिली. छत्तीस संघ तिच्या आधी होते. ते तीन जनरेटर कराडच्या गोदामात होते आणि गोदामापासून इथवरचा रस्ता पाण्याखाली होता. पाचशे वर्षांतली ती वेळ तिच्या नोकरीच्या तिसऱ्याच वर्षी आली होती.

मागच्या, चढावरच्या शेडच्या दारात शैलजा उभी होती. 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' असं ती म्हणाली असती तर केतकीला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. पण शैलजानं फक्त एक फावडं पुढं केलं.

"चिपाड वड. चाचांना एकट्यानं व्हायचं न्हाई."

तेवढ्यात आण्णासाहेब ट्रॅक्टरवरून आले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. "शैला, जुना प्लांट..." त्यांनी सुरुवात केली.

"पेटवलाय. तुमास्नी इचारायला थांबले न्हाई. एक तारखेपतुर मीच प्रभारी हाय, तसं तुमच्याच पत्रात लिवलंय."

गावं पाण्यात असली तरी गाई-म्हशींना ते कुणी सांगितलेलं नसतं. त्यांची कास वेळेला भरते. धार काढली नाही तर जनावर आजारी पडतं, आणि काढलेलं दूध संघानं घेतलं नाही तर ते गटारात जातं. उंचावरच्या गावांतून ट्रॅक्टरवर, डोक्यावर, होडीतून कॅन येऊ लागले. रोज नव्वद हजार लिटर यायचं, त्या दिवशी चाळीस हजार आलं. जुन्या प्लांटची ताकद तीस हजारांची.

"धा हजार परत पाठवायचं?" प्रणोतीनं विचारलं.

"एक कॅन परत जाणार न्हाई," शैलजा म्हणाली. "चार यंत्रं दोन पाळ्यांत चालत्यात. तिसरी पाळी लावा. फिरते कशाला हाईत?"

आणि इथं ते चौदा कामाला आले. मलईवाला पुरात अडकला, तिथं एक फिरता उभा राहिला. कढईवाली आली नाही, तिथं दुसरा. उरलेल्यांना दर बेंदराची सवय होती. कारकून फावडं मारत होता आणि त्याला श्वास कसा राखायचा ते ठाऊक होतं. तोच तो टँकरचा ड्रायव्हर तुपाची कढई ढवळत होता, आणि यंदा त्यानं ते करपवलं नाही. साय काढून झाल्यावर उरलेलं दूध फाडून पनीर करायला लागणारं आम्ल पहिल्याच दिवशी संपलं, नवं महामार्गापलीकडं अडकलं होतं. शैलजानं त्या दिवशी फाडलेल्या दुधाचं पाणी, म्हणजे निवळी, पिंपात आंबत ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून तीच वापरून दूध फाडलं. जे दूध ताजं होतं ते उकळून, थंड करून शाळांमध्ये हलवलेल्या पूरग्रस्तांच्या लेकरांना गेलं.

केतकीच्या तळहातांना पहिल्याच दिवशी फोड आले. तिसऱ्या दिवशी ते फुटले. पडद्यावर चाळीसांपैकी एकतीस संघ काळे झाले होते. तिथं दूध ओतून देत होते. चौथ्या दिवशी शेजारच्या खोऱ्यातल्या संघाचे दोन टँकर डोंगरातल्या कच्च्या रस्त्यानं, चिखलात माखून दाराशी येऊन उभे राहिले.

"घरचं झालं थोडं, आन् व्याह्यानं धाडलं घोडं," दस्तगीरचाचा कपाळाला हात लावून म्हणाले.

शैलजानं टँकरच्या ड्रायव्हरकडं पाहिलं. पोरगा दोन दिवस झोपलेला दिसत नव्हता.

"त्याला आदी चहा द्या," ती म्हणाली. "आन् टँकर आत घ्या."

सहा दिवस धुराडं विझलं नाही.

*

महामार्ग सुटला, वीज आली. तीन जिल्ह्यांत सगळ्यात आधी पूर्ण क्षमतेनं चालू झाला तो कासारशेतचा संघ. त्याच्या टाक्या स्वच्छ होत्या, माणसं जागेवर होती आणि एकाही गावानं आपलं दूध दुसरीकडं वळवलं नव्हतं. उलट बंद पडलेल्या संघांची बावीस गावं 'आम्हाला तुमच्याकडं घ्या' म्हणून दारात आली. आण्णासाहेबांनी निलंबनाचं पत्र स्वतःहून मागून घेतलं. शैलजानं ते डब्याखालून काढून दिलं. त्यावर पुरणाचा डाग होता.

सगळं गोड झालं, असं वाटत असतानाच 'निमिष'नं डोळे उघडले.

ते यंत्र काही मूर्ख नव्हतं. ते शिकत होतं. सहा दिवसांचं सगळं मोजमाप त्यानं माणसांच्या बिल्ल्यांतून गोळा केलं आणि आठवड्यानं निष्कर्ष काढला. आण्णासाहेबांनी तो शैलजाला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवला. शेजारी केतकी उभी होती. तिच्या हातात मटाराएवढ्या संवेदकांचं खोकं होतं.

"'कासारशेत जुना प्लांट: अत्युत्तम राखीव क्षमता. फिरते चौदा: अत्युत्तम. शिफारस: दोन्ही सामायिक राखीवमध्ये घ्यावेत. चाळीसही संघांना वाटपयोग्य.' बघ शैला! ज्याला भंगार म्हटलं, त्याला अत्युत्तम म्हणालं. तीन जिल्ह्यांत नाव झालं तुझं."

शैलजाचा पारा असा चढला, की बाहेर कॅन धुणारी माणसं थांबून आत बघू लागली.

"म्हंजे आता ह्या बॉयलरच्या भरवशावर बाकीचे एकोणचाळीस आपापलं उरलंसुरलंबी मोडीत काढणार!"

"म्हणजे... सोय आहे म्हटल्यावर..."

"आण्णा, तीन छत्र्यांची चार करून काय हुणार? फुडच्या पुरात मी ह्या प्लांटावर कुणाकुणाला बसवू? एक बाई आन् चाळीस घरची धुणी?"

"पण तू शेजारच्यांचं दूध घेतलंसच की. नाही म्हणालीस का?"

"म्हणले न्हाई. परत आले तर परत घीन. पोटाला चिमटा काढून घीन. पर ते मी दिलं, आण्णा. कुणी आदीच धरून चाललं नव्हतं. धरून चालला की माणूस सोताची तयारी सोडतोय. तुमीबी सोडली हुती की! सांगा त्या एकोणचाळिसांना, बॉयलर ठेवा, माणसं ठेवा, बेंदूर करा. शिकवायला मी एस्टीनं जाते, गावोगाव जाते. पर माझं रिकामपण मी कुणाच्या यादीत घालू देणार न्हाई."

आण्णासाहेबांनी केतकीकडं पाहिलं. "तू तरी सांग आईला. संवेदक लावल्याशिवाय तुझं काम पुरं होत नाही ना?"

केतकी खोकं घेऊन शेडमध्ये गेली. शैलजा तिच्या मागं गेली नाही. तिला जायचं धैर्य झालं नाही. सहा दिवस जिच्या हाताचे फोड तिनं हळद-तुपानं मळले, ती पोर आता तेच हात काय करायला वापरते, हे बघायची तिला भीती वाटत होती.

बॉयलर गार होता. दारावरची हुरमुंजाची पाच बोटं धुरानं काळवंडली होती, पण पुसली नव्हती. केतकीनं खोकं उघडलं, एक मटार बोटांत धरला. तो चिकटवला की पुढचं सगळं आपोआप होणार होतं. तो तिनं परत खोक्यात टाकला आणि टॅबलेटवर वरिष्ठांना तीन ओळी लिहिल्या. 'कासारशेतचा जुना प्लांट आणि फिरते कर्मचारी ही सामायिक क्षमता नाही. ती वाटपात धरू नये. सध्याचं गणित चुकीचं आहे, कारण संकटं एकेकटी येतात असं आपण गृहीत धरलं, आणि त्या गटात मीही होते.'

'निमिष'नं विचारलं, 'हा बदल तुमच्या कामगिरीच्या नोंदीत उणे धरला जाईल. खात्री आहे?'

केतकीनं 'हो' दाबलं. वरिष्ठांचं उत्तर यायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा शैलजा चिपाडाच्या गठ्ठ्यावर बसली होती, त्याच जागी, जिथं पूर्वी दुपटं अंथरलेलं असायचं. केतकीनं बंद खोकं तिच्या शेजारी ठेवलं आणि गळ्यातला कंपनीचा बिल्ला काढून खोक्यावर टाकला.

"काढलं त्यांनी?" शैलजानं विचारलं.

"हं." केतकी खाली बसली. "आई, फिरत्यांत पंधरावी जागा आहे का?"

शैलजाचे डोळे भरून आले. ते लपवायचा तिनं अजिबात प्रयत्न केला नाही, फक्त आवाज नेहमीचाच कडक ठेवला.

"चिपाड वडता येतंय?"

"सहा दिवस ओढलंय."

"ते कुणालाबी येतंय. पाणी गळ्याशी आलं की आळशीबी फावडं मारतोय. वरीसभर काय न घडता हितं तयार बसायचं, लोकं रिकामटेकडी म्हणून हसत्यात, ते सोसायचं. जमंल?"

केतकीनं आपल्या तळहातांकडं पाहिलं. नवी कातडी गुलाबी दिसत होती.

"हसू देत," ती म्हणाली.

"मग उद्या सातला ये," शैलजा उठत म्हणाली. "पहिलं काम मलईच्या यंत्राचं. आन् चहा तूच करायचा, नव्या माणसानं करायची रीत हाय."